आत्याच्या गोष्टीतला वेल

ये गं केतकी, अशी इकडे बस माझ्याजवळ. तू समोर नाहीस हे कळतंय मला, वांद्र्याच्या त्या काचेच्या ऑफिसात मान मोडून बसली असशील. पण तुला इथं दिवाणावर बसवल्याशिवाय मला लिहायला सुचत नाही. बसलीस? आता आधी बोलणी खा. परवा फोन केलास, "कशी आहेस आजी, जेवलीस का" एका दमात विचारलंस, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "लहान मुलांच्या ॲपसाठी पक्ष्यांच्या गोष्टी हव्यात, छोट्या छोट्या सांग ना, आणि शेवटी एका ओळीत तात्पर्य दे." एका ओळीत! नारळ फोडायच्या आधीच खोबरं मागतेस की गं तू. आमच्या घरात तात्पर्य गोष्टीच्या शेवटी नसायचं, ते कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडायचं. आणि एकदा ते पडलं भलत्याच्या अंगावर, तेव्हा माझ्या आत्याच्या जिवावर बेतलं होतं. ते आज लिहून ठेवते. ॲपमध्ये बसतं का ते तू बघ.

आम्ही मुलुंडला पूर्वेला राहायचो, मिठागरांच्या अंगाला. बैठी चाळ, एक खोली, मागे मोरी, पुढे पडवी. पडवीतून पांढरे मिठाचे ढीग दिसायचे आणि दुपारी वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा वास थेट ताटात यायचा. बाबा भांडुपला कारखान्यात होते. भोंग्याच्या आधी त्यांचा खोकला ऐकू यायचा, मग आईचा स्टोव्ह फुरफुरायला लागायचा, मग बाहेर मिठागरात टिटव्या ओरडायच्या. हीच आमची सकाळ. जेवण म्हणजे उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, आणि भाजलेलं सुकट असलं की त्या दिवशी आपण राजे. आता त्याच जागी टॉवर उभा आहे आणि मी त्याच टॉवरात राहते, हे तुला माहीत आहेच. खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी मारलीय. लहानपणी आत्या सांगायची, सगळी कबुतरं एक झाली आणि पारध्याचं जाळं घेऊन उडाली. आता कबुतरं बाहेर मजेत बसतात आणि जाळ्यात मी.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला आक्का म्हणायचे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली, सासरी कुणी विचारलं नाही, तेव्हा मालवणहून एक ट्रंक आणि एक पाटा घेऊन आमच्याकडे आली ती कायमची. लुगड्यातली, बारकी, तुरुतुरु चालणारी. पुढचं सबंध आयुष्य मुंबईत काढलं पण तोंडातली मालवणी कधी सोडली नाही. दिवेलागणीला सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि निवडता निवडता गोष्ट सांगायची. तिच्या गोष्टींत माणसं नसायचीच. कावळा, चिमणी, सुगरण, टिटवी, बगळा. हंस तिनं कधी बघितला नव्हता, म्हणून जुन्या गोष्टीतल्या हंसांचेसुद्धा ती बगळे करायची. म्हणायची, "माका दिसता ता मी सांगतंय."

गोष्टी गोड असायच्या, पण नुसत्या गोड नसायच्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसलं काम. आत्यानं कधी कुणाला तोंडावर काही सांगितलं नाही. आईनं शेजारणीला उंबऱ्यावर जरा जास्त वेळ ताटकळत ठेवलं, की त्या संध्याकाळी चिऊताई बाळाला न्हाऊ घालत, तीट लावत बसायची आणि बिचारा कावळा बाहेर काकडायचा. आईबाबांची बोलचाल बंद झाली, की एका अंगावर दोन चोची असलेला पक्षी यायचा. एका चोचीनं दुसरीवरच्या रागानं विषारी फळ खाल्लं आणि दोघी मेल्या. मी वर्गातल्या मुलीला नसते सल्ले दिले, तर सुगरण माकडाला म्हणायची, बाबा रे, घर बांध, आणि माकड तिचंच घरटं फाडून टाकायचं. गोष्ट संपली की आत्या सूप झटकायची आणि म्हणायची, "म्हणान सांगतंय." म्हणून सांगते, एवढंच; कुणाला ते नाही. ते ज्याचं त्यानं ओळखायचं. चालू गोष्टीत आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा असायचा, आज कुणाचा नंबर? आई भाकरी थापता थापता कान टवकारायची. बाबा पेपर डोळ्यांच्या वर धरायचे. आपला नंबर नाही असं दिसलं, की मग कुठं पेपर खाली यायचा.

त्या वर्षी गणपतीनंतर आईचा धाकटा भाऊ आमच्याकडे राहायला आला. दिगूमामा. नोकरी शोधायला आला होता. "ताई, पंधरा दिवस फक्त," म्हणाला, आणि दसरा झाला तरी पडवीत त्याची वळकटी होतीच. मला तर तो फार आवडायचा. शिट्टी वाजवायचा, गॉगल लावून मोरीतल्या आरशात बघायचा, माझ्या गणितातल्या चुका बघून म्हणायचा, "झकास! मास्तरांची वाट लागली." आत्यानं त्याच्यावर मोरपिसं खोचलेल्या कावळ्याची गोष्ट टाकली, तर हाच हसत म्हणाला, "आत्याबाई, पण पिसं शोभत होती ना त्याला?" आत्यालासुद्धा हसू फुटलं होतं.

आणि मग दिवाळीच्या आधी आत्यानं ती गोष्ट काढली. एक मोठं झाड. त्यावर बगळ्यांचा थवा. थव्यात एक म्हातारी बगळी. एक दिवस तिला झाडाच्या बुंध्याशी एक वेल दिसला. कोवळा, बोटाएवढा. म्हातारी मनात म्हणाली, "वेल कवळो आसा, तवसरच तोडूक होयो. मोठो झालो की पारधी ह्याच वेलाक धरून वर येतलो." एवढं सांगून आत्या गप्प झाली. सूप झटकलं नाही. "म्हणान सांगतंय" नाही. मी म्हटलं, "पुढे?" तर म्हणाली, "पुढचा उद्या." उद्या झाला, तर पुन्हा तोच थवा, तोच वेल, आणि तिथंच गप्प. परवाही तेच. पारधी काही येईना आणि गोष्ट काही हलेना.

घरात मात्र सगळं हललं. वेल म्हणजे कोण, याचा ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. बाबांना वाटलं ते कारखान्यात युनियनच्या लोकांत बसायला लागलेत त्याच्यावर आहे. त्यांनी संध्याकाळी लवकर घरी यायला सुरुवात केली. मला वाटलं माझ्यावर, कारण मी नुकती दोन वेण्या सोडून एक वेणी घालायला लागले होते आणि आरशासमोर जरा जास्त उभी राहायचे. पण आईला मुळी शंकाच नव्हती. बुंध्याशी येऊन चिकटलेला, दिवसेंदिवस वाढणारा वेल म्हणजे तिचा भाऊ. दुसऱ्या दिवशी आत्याच्या ताटात पिठी वाढताना डाव जरा जोरात आपटला. मग तिनं आत्याशी बोलणंच सोडलं. समोरासमोर दोन बायका, दहा बाय बाराच्या खोलीत, आणि मधे मी. "मंदे, वन्संना सांग, पाणी तापलंय." "चेडवा, आवशीक सांग, माका नको." जेवताना वाटी ठेवल्याचा आवाजसुद्धा मला दचकवायचा. शेवटी एक दिवस आई पडवीत मामाला हळूच म्हणाली, "दिगू, गोरेगावला तुझा तो मित्र आहे ना, त्याच्याकडे बघ काही होतंय का. इथं तुझं ओझं झालंय असं रोज ऐकून घेणं मला होत नाही रे." मामा शिट्टी वाजवायचा थांबला. एवढंच म्हणाला, "ठीक आहे ना ताई, टेन्शन नको घेऊ."

मला रडू आलं. मामा जाणार आणि त्याला कारण तो मेला वेल. दुसऱ्या दिवशी शाळा अर्ध्यावर सुटली. आई रॉकेलच्या रांगेत गेलेली, आत्या एकटीच पडवीला टेकून बसलेली, समोर सूप पण हात थांबलेला. मी रागातच विचारलं, "आत्या, ती बगळी स्वतःच का नाही तोडत वेल? चोच आहे ना तिला? रोज नुसती बघत काय बसते?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तिची चोच थंय पोचना नाय गो."

"का नाही पोचत? आहे कुठं असा तो वेल?"

तिनं दाराकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मग माझा हात धरला आणि पदराखाली नेऊन चोळीवरून डाव्या अंगाला ठेवला. म्हणाली, "हंय."

फणसाची आठळी कातडीखाली ठेवावी तसं काहीतरी होतं तिथं. कडक. मी हात काढून घ्यायला गेले तर तिनं धरूनच ठेवला. मी विचारलं, "दुखतं?"

"नाय दुखणा. म्हणानच भीती वाटता."

आता तुला वाटेल, मग सांगायचं ना बाईनं! केतकी, तुझ्या मोबाईलवर आज दर चार दिवसांनी असली गाठ तपासून घ्या म्हणून मेसेज येतो. तेव्हा बायका त्या अवयवाचं नावसुद्धा घेत नव्हत्या. सांगणार कुणाला, धाकट्या भावाला? की ज्या भावजयीला आयुष्यभर गोष्टींतून टोचलं तिला? तिच्या गावची एक बाई असलीच गाठ घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेली ती परत आली नव्हती, हे तिच्या डोक्यात बसलेलं. तिला सरळ बोलायची सवयच नव्हती गं. गोष्ट हेच तिचं तोंड. आणि ती रोज त्या तोंडानं सांगत होती, आणि आम्ही रोज एकमेकांकडे बघत होतो.

मी उठायला लागले, आईला रांगेतूनच बोलावून आणते म्हणून. तिनं माझी बोटं घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवली. "माज्या गळ्याची शपत आसा तुका. कोणाक बोललंस तर मी जिती रवाचंय नाय."

तू हसशील, पण आम्ही मुलं गळ्याची शपथ म्हणजे काय समजायचो ते विचारू नको. मोडली की ते माणूस जायचंच. मग आली का पंचाईत? बोलले तर शपथेनं आत्या मरणार, नाही बोलले तर वेलानं. त्या दिवसांत मी शाळेत काय शिकले देव जाणे. घरी आले की आधी आत्याच्या गळ्याकडे बघायची, श्वास चालू आहे ना. भात ताटात तसाच राहायचा. आई कपाळाला हात लावून बघायची, "ताप तर नाही, मग खात का नाहीस गं?" तिचा हात कपाळावर असताना सगळं ओठांपर्यंत यायचं आणि मी ओठ आत ओढून घ्यायची. आत्या माझ्याकडे बघत असायची. तीही भ्यायलेली, मीही. एवढ्या छोट्या खोलीत आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत होतो आणि दोघींनाही काही करता येत नव्हतं.

मग ती संध्याकाळ. मामाची ट्रंक दोरीनं बांधून दाराशी ठेवलेली, सकाळी तो निघणार होता. आई परातीत तांदळाच्या भाकरीचं पीठ मळत होती. बाबा पेपरामागे. आत्या भिंतीकडे तोंड करून चटईवर पडलेली. मामा उगाच हवा हलकी करायला म्हणाला, "काय आत्याबाई, आज शेवटची गोष्ट होऊन जाऊ दे." आत्या वळली नाही. म्हणाली, "आज गजाल नाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सांगते."

मला वाटलं होतं, गोष्ट सांगणं म्हणजे बोलणं नव्हे; शपथ मोडत नाही. सांगायला लागले. झाड सांगितलं, थवा सांगितला, म्हातारी बगळी सांगितली. "आणि तिनं रोज सगळ्यांना सांगितलं, वेल कोवळा आहे तोच तोडा. पण बाकीचे बगळे आपसातच भांडत बसले, हा वेल कुणाला म्हणाली, तुला म्हणाली की मला म्हणाली. त्यांचं भांडण संपेना आणि वेल वाढतच गेला..."

परात दणकन सरकली. आई पिठाच्या हातानंच उठली. "तूसुद्धा? तुलाही शिकवलं का हे? आता माझ्या भावाला घालवायला माझीच पोर उभी केली?"

"सुमन, अगं..." बाबांचा पेपर खाली आला.

"तुम्ही बोलू नका! इतकी वर्षं मी ऐकून घेतलं. त्याची ट्रंक बांधून झाली, अजून काय पाहिजे या घराला?" आणि तिनं माझ्यावर हात उगारला.

गोष्टसुद्धा फुकट गेली. माझ्याकडे सांगायला आता काही उरलं नव्हतं. तो उगारलेला हात मी दोन्ही हातांनी धरला, आईला ओढत चटईपाशी नेलं आणि तोच पिठानं भरलेला हात आत्याच्या छातीवर, डाव्या अंगाला, दाबून ठेवला.

आई रागानं हात ओढायला गेली आणि थांबली. तिच्या बोटांना कळलं. स्टोव्ह नुसता फुरफुरत होता. आईचा चेहरा बदलताना मी बघितला, केतकी, तो मला अजून दिसतो. ती हळूच खाली बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "हे कधीपासनं?"

आत्यानं डोळे मिटून घेतले. "दसऱ्याच्या आदीपासून."

"मग सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

"रोज तर सांगत होतंय गो!" आत्या म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. काळ्या चोळीवर पाची बोटांचा पांढरा ठसा उमटला होता. बाबा उठून पडवीत गेले, ते किती तरी वेळ पाठमोरे उभे होते. मामानं मात्र काही न विचारता ट्रंकेची दोरी सोडली. म्हणाला, "सकाळी मी येतो डॉक्टरकडे. ताई, तू एकटी कशी नेणार?"

पुढचे दिवस सगळे धावपळीचे. आधी जवळच्या डॉक्टरीणबाई, त्यांनी चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथं हजार तपासण्या. मामाच सगळीकडे बरोबर. ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलात जायच्या सकाळी आईनं आत्याची वेणी घातली, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. सगळे दारात उभे, टॅक्सी थांबलेली, आणि मी आत्याचा पदर सोडीना. मला एकच भीती खात होती. मी तोंडानं बोलले नव्हते हे खरं, पण शपथेला हात चालतो का तोंडच लागतं, ते कुणाला विचारणार? मी तिला वाकवून कानात म्हटलं, "आधी शपथ सुटली म्हण. मगच जा."

आत्या बघतच राहिली. इतके दिवस मी काय पोटात घेऊन हिंडत होते ते बहुतेक तिला तेव्हा कळलं. तिनं माझी बोटं घेऊन पुन्हा गळ्यावर ठेवली आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाली, "सुटली गो चेडवा. सुटली, सुटली, सुटली."

ती परत आली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं. डावा हात पुढे तिला पुरता वर करता येत नसे, वरच्या फळीवरचा डबा आईच काढून द्यायची. मामाला माहुलकडे नोकरी लागली तरी तो आमच्याच पडवीत राहिला, लग्न होईपर्यंत, आणि वेलाची गोष्ट निघाली की स्वतःच म्हणायचा, "हा बघा, खरा वेल इथं बसलाय." माझं लग्न आत्यानं बघितलं, तुझ्या आईला मांडीवर घेऊन तीट लावली. गोष्टी काही तिनं सोडल्या नाहीत. पण आईनं एक पद्धत पाडली. गोष्ट संपली आणि सूप झटकलं की आई सरळ विचारायची, "वन्सं, ही कुणासाठी?" आणि आत्याला उत्तर द्यावंच लागायचं. "तुज्यासाठी. कालची आमटी खारट झाली होती." मग दोघींची जी जुंपायची! पण वाट्या आपटणं नाही, अबोला नाही. कधी कधी ती म्हणायची, "ही कोणासाठी नाय. ही फुकट आसा." त्या फुकटच्या गोष्टी ऐकताना जे बरं वाटायचं ना, पोटात गोळा नाही, कान टवकारलेले नाहीत, नुसता कावळा आणि नुसती चिमणी, तेवढं बरं मला पुढे कशानंच वाटलं नाही.

तर बाई, हे सगळं वाचून आता आजीलाच काही झालंय की काय म्हणून घाबरू नकोस. मला काही झालेलं नाही. बीपीची गोळी घेते, गुडघे कुरकुरतात, बस्स. झालंच काही तर मी बगळी-बिगळी मधे न आणता तुला फोन करून सांगेन, आणि तूही मला तसंच सांगायचं. परवा "सगळं ठीक आहे आजी" म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज बसला होता. सर्दी होती की आणखी काही, ते फोनवर कळत नाही मला. संध्याकाळ माझी जात नाही आणि तुझी मला आठवण येते, हे मी सरळ लिहिलंय, यात दुसरा अर्थ शोधू नको. येत्या रविवारी ये. सकाळीच ये, बांगडे ताजे मिळतात.